शौर्य पुरस्कार आणि लष्करी अभिलेखांची दुरुस्ती

शौर्य पुरस्कारासाठी लष्करी अभिलेखांची दुरुस्ती ही आजी-माजी सैनिकाने किंवा त्याच्या वारसाने केलेल्या अर्जावरून चालणारी प्रशासकीय अथवा न्यायालयीन प्रक्रिया आहे. युद्धातील कामगिरी, जखम किंवा मृत्यू यांची अधिकृत कागदपत्रांतील नोंद चुकीची, अपुरी किंवा गहाळ असल्यास ती सुधारून घेणे हा तिचा उद्देश असतो. नोंद दुरुस्त झाल्यास पुरस्काराचा, पदोन्नतीचा किंवा निवृत्तिवेतनाचा पुनर्विचार होऊ शकतो. मात्र नोंदीची दुरुस्ती आणि पुरस्काराचे प्रदान या दोन वेगळ्या बाबी आहेत. भारतात पहिल्या बाबीसाठी सैनिकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दुसरी बाब प्रामुख्याने शासनाच्या व राष्ट्रपतींच्या अधिकारातील मानली जाते.

पार्श्वभूमी

परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र हे भारताचे युद्धकालीन शौर्य पुरस्कार आहेत. त्यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले. शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसताना गाजवलेल्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोक चक्राच्या तीन श्रेणी सुरू झाल्या. १९६७ मध्ये त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे मिळाली. यांखेरीज सेना पदक, नौसेना पदक, वायुसेना पदक आणि युद्धवृत्तांतातील नामोल्लेख हेही सन्मान आहेत. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना पराक्रम पदक दिले जाते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली आहे. मात्र लष्करी व शैक्षणिक बहुमान या मनाईतून वगळलेले आहेत.

पुरस्काराची शिफारस

शौर्य पुरस्काराची शिफारस सामान्यतः सैनिकाच्या तुकडीतून सुरू होते. कमांडिंग ऑफिसर घटनेचे वर्णन लिहितो व त्याला प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची निवेदने जोडतो. या वर्णनाला प्रशस्ती किंवा सायटेशन म्हणतात. पुढे ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि कमांड या पायऱ्यांवरून अभिप्रायांसह ते सेना मुख्यालयाकडे जाते. मुख्यालयातील समितीनंतर प्रस्ताव संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय सन्मान व पुरस्कार समितीसमोर ठेवला जातो. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर पुरस्काराची अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन प्रसंगी पुरस्कार जाहीर होतात.

या साखळीतील प्रत्येक पायरीवरचा निर्णय खालून आलेल्या कागदावर अवलंबून असतो. साक्षीदार लढाईतच मारले गेले, तुकडीची युद्ध-रोजनिशी घाईत लिहिली गेली किंवा वरिष्ठाने अहवालात एकाची कामगिरी दुसऱ्याच्या नावावर दाखवली, तर वरच्या समितीला ते समजण्याचा मार्ग राहत नाही. शिफारस न होणे हीदेखील एक नोंदच ठरते, कारण जे लिहिले गेले नाही त्याचा विचार होत नाही.

जखम व मृत्यूच्या नोंदी

सैनिकाच्या जखमेची किंवा मृत्यूची नोंद ‘युद्ध हानी’ अथवा ‘शारीरिक हानी’ या दोनपैकी एका वर्गात होते. शत्रूच्या गोळीबारात किंवा अधिसूचित मोहिमेत झालेली इजा पहिल्या वर्गात येते. अपघात व आजार सामान्यतः दुसऱ्या वर्गात येतात. घटनेनंतर तुकडीकडून संदेश पाठवला जातो आणि नंतर ‘भाग दोन आदेश’ काढून सैनिकाच्या सेवापुस्तिकेत कायम नोंद केली जाते.

या वर्गीकरणाचे आर्थिक परिणाम मोठे आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यू व अपंगत्वाची कारणे पाच गटांत विभागली. शत्रूच्या कारवाईशी संबंधित गटातील अपंग सैनिकास युद्धजखम निवृत्तिवेतन आणि मृताच्या कुटुंबास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एका शब्दाच्या फरकाने सैनिक पराक्रम पदकास अपात्र ठरू शकतो आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्नही कमी होऊ शकते.

शौर्य पुरस्कारांनाही मासिक भत्ता जोडलेला आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून तो दुप्पट करण्यात आला. त्यानुसार परमवीर चक्रासाठी २०,००० रुपये, महावीर चक्रासाठी १०,००० रुपये, वीर चक्रासाठी ७,००० रुपये आणि शौर्यासाठीच्या सेना पदकासाठी २,००० रुपये असे दर ठरले.

दाद मागण्याची प्रक्रिया

सेवेतील सैनिकाला प्रथम खात्यांतर्गत तक्रार करावी लागते. लष्कर अधिनियम १९५० च्या कलम २६ अन्वये जवान व कनिष्ठ अधिकाऱ्यांना, तर कलम २७ अन्वये अधिकाऱ्यांना वैधानिक तक्रारीचा अधिकार आहे. वायुदल व नौदलाच्या अधिनियमांतही अशा तरतुदी आहेत. निवृत्त सैनिक आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करतो.

अर्जासोबत सामान्यतः पुढील पुरावे जोडले जातात:

• सेवापुस्तिकेचा उतारा व संबंधित ‘भाग दोन आदेश’
• जखमेचा अहवाल, लष्करी रुग्णालयातील कागद आणि वैद्यकीय मंडळाचा निर्णय
• तुकडीच्या युद्ध-रोजनिशीतील त्या दिवसाची नोंद
• सोबत लढलेल्या सैनिकांची प्रतिज्ञापत्रे
• तत्कालीन पत्रव्यवहार व शिफारशीच्या प्रती, उपलब्ध असल्यास

सशस्त्र दल न्यायाधिकरण

२००७ च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियमान्वये स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००९ रोजी झाले. त्याचे प्रमुख पीठ दिल्लीत आहे. मुंबई येथील प्रादेशिक पीठाकडे महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांतील प्रकरणे येतात. अधिनियमाच्या कलम १४ नुसार सेवाविषयक बाबींची, तर कलम १५ नुसार लष्करी न्यायालयांच्या निर्णयांविरुद्धच्या अपिलांची सुनावणी होते.

अर्जदाराने आधी खात्यांतर्गत उपाय वापरलेले असावेत, अशी कलम २१ ची अट आहे. कलम २२ नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास त्यानंतरच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो.

न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते का, याविषयी दीर्घकाळ वाद होता. २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांना आळा घातला होता. २१ मार्च २०२३ रोजी परशोत्तम दास प्रकरणात मात्र अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयांचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट करण्यात आले. यामुळे दूरच्या जिल्ह्यांतील निवृत्त सैनिकांना राज्यातील न्यायालयाचा मार्ग पुन्हा खुला झाला.

न्यायिक हस्तक्षेपाची मर्यादा

एखादे कृत्य महावीर चक्रास पात्र आहे की वीर चक्रास, याचे मूल्यमापन न्यायालये सामान्यतः स्वतः करीत नाहीत. नोंद खोटी आहे का, नियम पाळले गेले का, अहवाल लिहिणारा पूर्वग्रहदूषित होता का आणि शिफारशीचा योग्य विचार झाला का, हे प्रश्न ती तपासतात. त्यामुळे यशस्वी अर्जदाराच्या हाती बहुधा पदकाऐवजी दुरुस्त झालेला कागद किंवा पुनर्विचाराचा आदेश येतो.

प्रमुख प्रकरणे

ब्रिगेडियर देविंदर सिंग प्रकरण

१९९९ च्या कारगिल युद्धात ब्रिगेडियर देविंदर सिंग बटालिक क्षेत्रात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व करीत होते. युद्धानंतर त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. हे पदक शौर्यासाठी नसून उल्लेखनीय सेवेसाठी दिले जाते. पुढे त्यांना मेजर जनरल पदावर बढतीही मिळाली नाही. आपल्या ब्रिगेडच्या कामगिरीचे अधिकृत वर्णन चुकीचे असल्याचे आणि तत्कालीन १५ कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल किशन पाल यांनी लिहिलेला गोपनीय अहवाल पक्षपाती असल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायाधिकरण स्थापन झाल्यावर ती तेथे वर्ग झाली.

मे २०१० मध्ये न्यायमूर्ती ए. के. माथुर यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने देविंदर सिंग यांची बाजू मोठ्या प्रमाणात मान्य केली. कोअर प्रमुखांनी केलेले मूल्यमापन पूर्वग्रहदूषित असल्याचा निष्कर्ष न्यायाधिकरणाने काढला. ते अभिलेखातून काढून टाकावे आणि बटालिकच्या लढाईचा अधिकृत वृत्तांत दुरुस्त करावा, असे आदेश देण्यात आले. मानद स्वरूपाच्या पदोन्नतीचा विचार करण्यासही सांगण्यात आले. युद्धाचा अधिकृत इतिहास न्यायिक आदेशाने सुधारण्यास सांगितल्यामुळे या निकालाची देशभर चर्चा झाली.

स्क्वाड्रन लीडर देवय्या

नोंद सुधारल्यानंतर प्रत्यक्ष पुरस्कार मिळाल्याचे ठळक उदाहरण स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांचे आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली आदमपूर तळावरून मिस्टेर विमानांनी पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळावर हल्ला केला. राखीव वैमानिक असलेले देवय्या या तुकडीत सामील झाले आणि परतले नाहीत. भारतीय नोंदीत ते बेपत्ता होते. परतीच्या वाटेवर त्यांनी अधिक वेगवान असलेल्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाशी झुंज दिली होती. ती भारतीय बाजूच्या कोणी पाहिली नव्हती.

१९७९ मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या पाकिस्तानी हवाई युद्धावरील पुस्तकातून या झुंजीची माहिती पुढे आली. मिस्टेर विमानाने स्टारफायटर पाडल्याचे त्यातून स्पष्ट झाले. चौकशीनंतर १९८८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर २३ वर्षांनी, देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. या प्रकरणात निर्णायक पुरावा शत्रुपक्षाच्या बाजूने आला होता.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील सैनिकांचे अभिलेख त्यांच्या जिल्ह्यात नसून रेजिमेंट किंवा दलाच्या कार्यालयात असतात. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोड येथे, चिलखती दल व मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची कार्यालये अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे, तर बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे कार्यालय पुण्याजवळ खडकी येथे आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठी येथे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव आणि महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर येथे पत्रव्यवहार करावा लागतो. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या एकाच गावातील दोन माजी सैनिकांना वेगवेगळ्या राज्यांतील कार्यालयांकडे अर्ज करावे लागू शकतात. अशा अर्जदारांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करते.

युद्धातील पुरस्काराशी थेट संबंध नसले तरी मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्कारासाठीची त्यांची मागणी पूर्वी मान्य झाली नव्हती. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या क्रीडा पुरस्कारांत जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. सुवर्णपदकाची नोंद निर्विवाद असूनही शासकीय मान्यतेला पाच दशके लागली.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने सैनिकी अभिलेख दुरुस्तीसाठी मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली. त्यापूर्वी एकेका सैनिकासाठी काँग्रेसला स्वतंत्र विधेयक मंजूर करावे लागे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करणे अपेक्षित असते. न्यायाच्या हितासाठी ही मुदत शिथिल करता येते. लढाईत सहभागी पायदळ सैनिकांचा बिल्ला आणि जखमींसाठीचे पर्पल हार्ट यांच्याबाबत असे अर्ज होतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी सेवा-नोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे अनेक माजी सैनिकांना अन्य कागदपत्रांवरून आपली सेवा सिद्ध करावी लागते. वांशिक भेदभावामुळे डावलल्या गेलेल्यांच्या नोंदींचा फेरआढावाही तेथे घेण्यात आला. १९९७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर देण्यात आले, तेव्हा त्यांपैकी केवळ व्हर्नन बेकर हयात होते.

ऑस्ट्रेलियात सन्मान व पुरस्कारांविषयीच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. १ डिसेंबर १९४२ रोजी बुडणाऱ्या ‘आर्मिडेल’ युद्धनौकेवरून शत्रूच्या विमानांवर गोळीबार करीत राहिलेल्या टेडी शीन या नौसैनिकाला २०२० मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. न्यायाधिकरणाची अनुकूल शिफारस शासनाने आधी नाकारली होती. तज्ज्ञ समितीच्या फेरविचारानंतर निर्णय बदलला.

अभिलेखांची उपलब्धता

भारतात युद्धविषयक कागद दीर्घकाळ गोपनीय राहिल्याने अर्जदाराला आपल्याच कामगिरीचा पुरावा मिळवणे कठीण जाते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेशी निगडित माहितीसाठी अपवाद आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचा इतिहास लिहिण्याचे व अभिलेख खुले करण्याचे धोरण मंजूर केले. त्यानुसार २५ वर्षांहून जुने अभिलेख तज्ज्ञांच्या तपासणीनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवणे अपेक्षित आहे. मात्र न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत महिन्यांत मोजली जाते, तर कागद खुले होण्याची मुदत वर्षांत. या तफावतीमुळे विलंबमाफीची तरतूद माजी सैनिकांच्या अर्जांत महत्त्वाची ठरते.

हे सुद्धा पहा

• परमवीर चक्र
• महावीर चक्र
• कारगिल युद्ध
• मराठा लाइट इन्फंट्री
• मुरलीकांत पेटकर