रुंद रस्त्याची किंमत

शहरातला रस्ता वाहनांना अपुरा पडू लागला, की दोन्ही बाजूंची घरे पाडून तो रुंद करावा, ही सूचना सर्वांच्या तोंडी येते. मुंबईने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. त्याची हकीकत मला आज सांगावीशी वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग प्रकटला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रोगाचे मूळ कोंदट हवेत आहे, अशी तेव्हाच्या कारभाऱ्यांची समजूत. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून त्याने नकाशावर रेघा ओढल्या. त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, निघाला. सँडहर्स्ट रोड निघाला. पुढे महंमदअली रस्ताही झाला. गंमत पाहा, त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असे दाखविले!

रेघा ओढणे सोपे होते. पण त्या रेघांखाली माणसांच्या खोल्या होत्या. ट्रस्टने नव्या चाळी बांधल्या खऱ्या, परंतु सुरुवातीच्या वर्षांत बांधण्यापेक्षा पाडण्याचाच वेग मोठा. गोदीतल्या हमालाला कामापासून दूर जाणे परवडत नव्हते. मग अशी बिऱ्हाडे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. एका गल्लीतली दाटी दुसरीत गेली.

रुंद रस्त्यांवर वाऱ्याबरोबर चाकेही आली. घोड्यांची ट्राम १८७४ पासून होतीच. १९०७ मध्ये विजेची आली, १९२६ मध्ये बस आली. पाठोपाठ मोटारी वाढल्या. १९६४ च्या मार्चअखेर ट्रामने निरोप घेतला, तरी जागा पुरेना. शेवटी महंमदअली रस्त्याच्या डोक्यावरून सुमारे अडीच किलोमीटरांचा उड्डाणपूल बांधावा लागला. तो २००२ मध्ये खुला झाला. वाऱ्यासाठी पाडलेल्या वाटेवर आता लोकांच्या खिडक्यांसमोरून मोटारी धावतात.

रस्ते रुंद करूच नयेत, असे मी म्हणत नाही. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना वाट हवीच. मात्र पुन्हा कोठे अशी आखणी झाली, तर रस्त्याच्या नकाशाआधी, उठविल्या जाणाऱ्या बिऱ्हाडांच्या नव्या जागेचा नकाशा लोकांपुढे मांडावा, एवढेच माझे मागणे आहे.