बोटांना दिसणारे स्नायू

1771 साली जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेनपाकू आणि त्याचे वैद्य मित्र कोझुकाप्पारा या वधस्थळी एक शवविच्छेदन पाहायला गेले. त्यांच्यापाशी डच भाषेतला एक शरीररचनेचा ग्रंथ होता. त्यातली चित्रे समोरच्या देहाशी तंतोतंत जुळलेली पाहून ते थक्क झाले आणि 1774 साली त्या ग्रंथाचा अनुवाद ‘काइताइ शिन्शो’ या नावाने बाहेर पडला. जपानमधल्या शरीरज्ञानाचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. वैद्यकासाठी ते योग्यच आहे. पण स्नायूंवर रोज हात ठेवून पोट भरणाऱ्यांची गोष्ट इथून सुरू करणे मला पटत नाही. त्याच एदोत जवळजवळ नव्वद वर्षे आधीपासून अंध माणसे पद्धतशीर शिक्षण घेऊन मालिश करत होती. मालिश करणाऱ्याला लागणारे स्नायूंचे ज्ञान मुळात चालत्या-फिरत्या देहाचे आणि हाताने मिळणारे असते. पुस्तकातली नावे त्यावर नंतर येऊन बसतात, हे या अंधांच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरे काही दाखवत नाही.

सुगियामा वाइची (1610–1694) हा सामुराई घराण्यात जन्मलेला, दृष्टी गेलेला माणूस. शोगुन त्सुनायोशीवर उपचार करून त्याने राजाश्रय मिळवला आणि 1680 च्या दशकात अंधांना ॲक्युपंक्चर व ‘अन्मा’ म्हणजे मालिश शिकवणारी शाळा उभी केली. इथल्या विद्यार्थ्याला सोललेला देह पाहून काही कळण्याची सोयच नव्हती. पण हाताला काय काय कळू शकते, याची परीक्षा आजही घेता येते. कोपर काटकोनात वाकवून तळहात वर केला, आणि कोणी मनगट खाली दाबत असताना हात तसाच धरून ठेवला, तर दंडाची बेटकुळी घट्ट होते. आता अंगठा वर येईल असा हात फिरवून तेवढाच जोर लावला, तर कोपराच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्याच्या बाजूला उतरणारा दुसराच स्नायू दोरीसारखा उठून येतो. कोणता स्नायू कुठून कुठे जातो, त्याचे तंतू कोणत्या दिशेने धावतात, कोणत्या हालचालीत तो कामाला लागतो, हे सगळे बोटांखाली उमटते. त्यासाठी फक्त समोरच्याला हात हलवायला सांगावे लागते. मेलेला स्नायू मात्र आखडत नाही. तो कुठे चिकटला आहे ते दाखवतो, काय करतो ते दाखवत नाही.

हे केवळ अंधांच्या बाजूने केलेले बोलणे नव्हे. फ्रान्समधला डॉक्टर द्युशेन याला दृष्टी होती आणि शवविच्छेदनाची सगळी परंपराही हाताशी होती. तरी हालचालींचे कोडे सोडवायला तो जिवंत माणसांकडे वळला. त्वचेवरून विजेचा सौम्य प्रवाह देऊन तो एकेक स्नायू आखडवून पाहत असे, आणि अर्धांगाच्या रुग्णांत कोणता स्नायू गेल्यावर कोणती हालचाल बिघडते हे टिपत असे. 1867 सालच्या त्याच्या ग्रंथाचा गाभा हा, की साध्या हालचालीतही एक स्नायू एकटा काम करत नाही. जोडीदार आणि विरोधक दोघेही कामाला लागलेले असतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे: जपानी अंधांना हा धंदा कौशल्यामुळे नव्हे, संरक्षणामुळे मिळाला. ‘तोदोझा’ या अंधांच्या संघाला राजसत्तेचा आधार होता, हे खरेच. 1871 साली मेइजी सरकारने तो संघ मोडला. पण संरक्षणाने धंदा मिळतो, हात तयार होत नाही, आणि याचा पुरावा लंडनमध्ये सापडतो. आर्थर पिअरसन या स्वतः दृष्टी गमावलेल्या वृत्तपत्रमालकाने 1915 साली स्थापलेल्या सेंट डन्स्टन्स या संस्थेतून, पहिल्या महायुद्धात डोळे गेलेले सैनिक मालिश शिकू लागले. डोळस उमेदवार देत तीच शरीररचनेची परीक्षा त्यांनी दिली आणि लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांवर उपचार केले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत मोठी रक्तवाहिनी आहे, नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखालच्या हाडाच्या मानेवरून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथे जोर लावला तर इजा होऊ शकते, आणि हे बोटांनी चुका करत शिकणे रुग्णाला परवडणारे नाही. हे मला मान्य आहे. पुस्तक लागतेच, पण ते हाताला सावध करायला लागते, हाताच्या जागी येऊन बसायला नव्हे. 1878 साली क्योतोत अंध-मूकबधिरांची शाळा निघाली आणि पुढे अशा शाळांतून मालिशबरोबर शरीररचनाही शिकवली जाऊ लागली. 1911 साली जपानने मालिशसाठी परवाना आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा अंधांसाठी वेगळी, हलकी परीक्षा ठेवली. हेतू दयेचा असेल, पण मला तो अन्याय वाटतो. ज्यांच्या हातांनी हे ज्ञान दोन शतके जपले, त्यांनाच कमी अपेक्षेने मोजले गेले. लंडनच्या सैनिकांना निदान तीच प्रश्नपत्रिका मिळाली.