एकेक डोळा झाकून

बालनेत्र-तपासणीच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच पानावर सांगून ठेवलेले बरे : मूल तक्रार करत नाही. एका डोळ्याला अधिक चार नंबर आणि दुसरा ठणठणीत असेल, तर ते फळा वाचते, पतंग उडवते. घरच्यांना शंका यावी कुठून? इकडे मेंदू त्या डोळ्याची धूसर प्रतिमा बाजूला सारू लागतो आणि त्याची नजर घडायचीच राहते. हाच आळशी डोळा, अँब्लिओपिया. आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, एवढाच उपचार. पण सातव्या वर्षापर्यंत तो जसा लागू पडतो तसा पुढे पडत नाही. मध्यम दोषात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुण देते, हे २००३च्या अमेरिकी चाचणीने दाखवले. पट्टी उपटून फेकणाऱ्या पोरांच्या आयांना केवढा दिलासा!

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे मूल आईचे बोट धरून चष्म्याच्या दुकानात येते. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरच्या मुलाकडे तपासणीलाच जावे लागते. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जावे, अशी योजना आहे. लागते काय? सहा मीटरवर खडूची रेघ आणि इंग्रजी ‘ई’चा तक्ता. अक्षरओळख नको, ‘ई’चे पाय कुठे वळलेत ते मुलाने हाताने दाखवायचे. डोळा मात्र पुठ्ठ्याने झाकावा. हाताने झाकला, की बोटांच्या फटीतून बघितलेच म्हणून समजा, आणि नेमका आळशी डोळाच सुटतो.

चाळणीत अडकलेल्या मुलाचा नंबर तिथेच काढू नये. कोवळ्या डोळ्याची जुळवून घेण्याची ताकद अधिक नंबर लपवते. म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करूनच तो ठरवावा.

अहवालांत ‘तपासलेली मुले’ हा रकाना ठळक असतो. माझ्या लेखी त्याला फारशी किंमत नाही. चष्मा मिळाला का, सहा महिन्यांनी तो नाकावर आहे की दप्तराच्या तळाशी, हे विचारावे. पुढची प्रकरणे हव्या त्या क्रमाने वाचा. पाठपुराव्याचे तेवढे सोडू नका.