गाण्यांची दुकाने आणि आयपॉडचे भागधारक

यंत्र एकाचे आणि गाणी दुसऱ्याची, हा झगडा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाथे कंपनीच्या तबकड्यांना नीलमण्याची सुई लागे. इतरांच्या साध्या ग्रामोफोनवर त्या धड वाजत नसत. शंभर वर्षांनी तोच झगडा ॲपलच्या आयपॉडभोवती पुन्हा उभा राहिला. ॲपलचे वार्षिक अहवाल ओळीने वाचताना मला असे दिसते की, त्या काळात गुंतवणूकदारांना बऱ्याचदा चुकीच्या गोष्टीचे भय दाखवले गेले.

आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला. किंमत ३९९ डॉलर. गाण्यांचे दुकान उघडले २८ एप्रिल २००३ रोजी. दर गाण्याला ९९ सेंट, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. या ९९ सेंटांतला मोठा वाटा ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे जाई. शिवाय विकलेल्या गाण्याला 'फेअरप्ले' नावाचे कुलूप असे. खिशातल्या यंत्रांपैकी ते उघडे फक्त आयपॉडवर.

२००४ साली स्पर्धकांची रीघ लागली. वॉलमार्टने ८८ सेंटांत गाणे दिले. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली दुकाने थाटली. रिअलनेटवर्क्सने जुलैत 'हार्मनी' काढून आपली गाणी आयपॉडवर वाजतील अशी सोय केली आणि पाठोपाठ ४९ सेंटांचा सेल लावला. ॲपलने तिच्यावर घुसखोरीचा आरोप केला. दुकानाचा नफा आटला तर ॲपलचे काय होणार, असा प्रश्न तेव्हा विचारला जाई.

उत्तर ताळेबंदातच होते. २००६ च्या आर्थिक वर्षात आयपॉडची विक्री सुमारे ७.७ अब्ज डॉलर होती. संगीताशी संबंधित बाकी सगळे मिळून सुमारे १.९ अब्ज, त्यातही गाण्यांबरोबर आयपॉडची जोड-उपकरणे धरलेली. फेब्रुवारी २००७ मधल्या जाहीर पत्रात स्टीव्ह जॉब्ज यांनीच हिशेब मांडला: ॲपलच्या दुकानातून घेतलेली गाणी आयपॉडमागे सरासरी २२, म्हणजे त्यात मावणाऱ्या हजारेक गाण्यांच्या तीन टक्क्यांहून कमी. बाकीची गाणी लोक घरच्या सीडींवरून किंवा इतर वाटांनी आणत. भारतात तर हे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. त्याआधी कित्येक वर्षे आपल्याकडे आयपॉड दुकानाविनाच वाजत होते.

म्हणून स्पर्धक दुकानांचे दोन वर्ग करायला हवेत. ज्यांचे कुलूप वेगळे, ती दुकाने ग्राहकाला दुसऱ्या यंत्राकडे ओढत. भागधारकाला खरा धोका त्यांचा. ज्यांना कुलूपच नाही, ती दुकाने आयपॉडलाच चारा पुरवत. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने बिनकुलपाची गाणी विकायला काढली. ॲपलचा वरचष्मा मोडावा म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तिला बळ दिले. तरी पुढच्या आर्थिक वर्षात आयपॉड ५ कोटी १६ लाखांवरून ५ कोटी ४८ लाखांवर गेले. तो उच्चांक ठरला. ही वाढ ॲमेझॉनने केली असे मी म्हणत नाही. शेजारच्या स्वस्त दुकानाने यंत्र बुडवले नाही, एवढे मात्र त्यातून ठरते.

उलट वेगळ्या कुलपाचा मार्ग मायक्रोसॉफ्टने स्वतःच बंद केला. तिच्या कुलपावर विसंबून अनेक कंपन्यांनी यंत्रे केली, दुकाने काढली. आणि नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या तिच्याच 'झून'वर ती गाणी वाजेनात. २००८ साली तिने जुन्या ग्राहकांना किल्ल्या देणे थांबवण्याची सूचना केली, तेव्हा ओरड झाली आणि मुदत वाढवावी लागली. पैसे मोजून घेतलेले गाणे नव्या संगणकावर मुके होणार होते. भागधारकाचे नुकसान ताळेबंदात दिसते. श्रोत्याच्या या नुकसानीला तिथे रकाना नाही.

आयपॉडला अखेर मागे टाकले ते कोणत्याही दुकानाने नव्हे, तर फोनने. आणि त्यात ॲपलचा स्वतःचा आयफोनही होता. मे २०२२ मध्ये कंपनीने शेवटच्या आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. स्वस्त गाण्यांची भीती बाळगून ज्यांनी २००४ साली समभाग विकले असतील, त्यांनी त्या यंत्राची सर्वांत भरभराटीची चार वर्षे गमावली.