जळण कुणाच्या हातात

चंद्रपूरच्या कोळशाचा इतिहास सांगणारे वरोऱ्यापासून सुरुवात करतात. १८७०च्या दशकात तिथे सरकारी खाण सुरू झाली, कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला, १९०६मध्ये ती खाण बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पुढे १९७३चं राष्ट्रीयीकरण, १९७५मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स, मग दुर्गापूरचं वीज केंद्र. या साऱ्या हकिकतीत कोळसा वाघिणीत भरून बाहेरगावी जातो. त्यातला जो थोडा आमच्या स्वयंपाकघरात आला, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मी खाण कामगाराची मुलगी आहे. मला त्या कोळशाबद्दल सांगायचं आहे.

खाणीच्या क्वार्टरमधल्या कामगारांना घरवापरासाठी कोळसा मिळायचा. म्हणून आमच्याकडे सिगडी होती. आईला ती आवडत होती असं काही नाही. चंद्रपूर काय नि गडचिरोली काय, घरात काय जळणार हे रांधणारीने कधी ठरवलंच नाही. ते खाणीने ठरवलं, जंगल खात्याच्या डेपोने ठरवलं, रेशन दुकानाने ठरवलं. बाईने त्याप्रमाणे चूल बदलली, भांडी बदलली, पहाटे उठायची वेळ बदलली.

सिगडी घरीच बनायची. जुनी लोखंडी बादली घ्यायची, खालच्या बाजूला राख ओढायला चौकोन कापायचा, मध्यावर सळ्या आडव्या बसवायच्या आणि आतून भुसा-शेण कालवलेल्या मातीचा जाड लेप द्यायचा. लेप सावलीतच वाळवायचा, उन्हात तो तडकतो. बादलीची कडी मात्र तशीच ठेवायची, कारण सिगडीचं सगळं मोल उचलून नेण्यात आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा राखेचा आणि धुराचा. तो घरात पेटवणं शक्यच नव्हतं. तळाशी गोवरीचे तुकडे, वर काटक्या, त्यावर कोळसा, असं रचून सिगडी अंगणात धुमसत ठेवायची. निखारे लाल झाले की कडीला फडकं गुंडाळून आत न्यायची. उरलेल्या चुरीत शेणमाती कालवून गोळे वळायचे नि भिंतीच्या कडेला वाळत घालायचे. हिवाळ्याच्या सकाळी प्रत्येक दारासमोर एक सिगडी असे आणि धुराचा थर छपरांच्या उंचीवर अडकून राही. धूर सरला की लोक निर्धास्त होत, पण खरा धोका त्यानंतर. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. दार लावून सिगडीशेजारी झोपायचं नाही, हे आई थंडीभर बजावायची.

२००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुणांनी चंद्रपूर प्रदूषणात चौथं आलं. बोट कारखान्यांकडे आणि वीज केंद्राकडे गेलं, ते योग्यच होतं. पण या हवेत सिगड्यांचाही धूर होता, आणि तो सगळ्यांत आधी बाईच्या छातीत जात होता.

गडचिरोलीचं जळण वेगळं. तिथे जंगल दाराशी, पण लाकूड आपलं नाही. मध्य प्रांताच्या काळापासून इथल्या गावांना निस्ताराचा हक्क होता: घराला बांबू, नांगराला लाकूड, चुलीला सरपण. १९५१मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं, आणि हा हक्क डेपोच्या पावतीवर आला. डेपोतून जळाऊ लाकडाचं बीट मिळालं तर ठीक, नाहीतर डोक्यावर मोळी. लेखा-मेंढा या गावाची गोष्ट मला म्हणूनच फार मोठी वाटते. २००९मध्ये त्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि जंगलातून काय आणायचं, काय राखायचं, हे ठरवणं गावाकडे परत आलं.

२६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवरची माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर जुन्या सामानाचा बाजारही आला. बदली झाली की माणूस पलंग, कपाट, शेगडी इथेच विकून जाई. माझ्या संसाराचं पहिलं घर गडचिरोलीत झालं, तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षं जात. नंबर लागेपर्यंत घासलेटचा स्टोव्ह. नंबर लागला, पण नवी शेगडी परवडेना. मग बदलीवर निघालेल्या एका कुटुंबाकडून दोन बर्नरची जुनी शेगडी घेतली. आई बघायला आली होती. म्हणाली, "पोरी, अगुदर नळी पाय, मंग पितळ पाय."

तिचं बरोबर होतं. बर्नर पितळी आणि जड होते, नळी मात्र वाकवली की भेगा दाखवत होती. ती टाकून नवी घेतली. कॉक सोडवून जुनं वंगण पुसलं, नवं भरलं, जेटची छिद्रं बारीक तारेने मोकळी केली. त्याच घरी गोबरगॅसची शेगडीही स्वस्तात मिळत होती, पण ती सिलिंडरला चालत नाही. गोबरगॅसला दाब कमी नि उष्णता कमी, म्हणून तिच्या जेटचं भोक मोठं असतं. त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला तर काजळीचा भडका उठतो.

शेगडी बसवण्यासाठी आधी घरात बदल करावा लागला. आमचं स्वयंपाकघर बसून रांधण्यासाठी बांधलेलं, कोपऱ्यात मातीची चूल आणि शेजारी भाजी गरम राहण्यासाठी वैल. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, सिलिंडर जमिनीवर उभा हवा. गॅस हवेहून जड, गळला तर खाली साचतो, म्हणून वारा खेळायला खालीही वाट हवी. विटांवर कडप्प्याची फरशी टाकून ओटा केला. तो खिडकीखाली नको होता, वाऱ्याने ज्योत विझते नि गॅस सुटत राहतो. साबणाचं पाणी सांध्यांना लावून बुडबुडे बघितले, मग काडी ओढली. ज्योत पिवळी आली. बर्नरखालची हवेची झडप जराशी उघडली तशी ती निळी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी राहून भात शिजवला. अडचण एकच: आमचा जर्मनचा मोठा गंज शेगडीच्या जाळीवर नीट बसेना. पाहुण्यांचा भात पुढेही परसातल्या चुलीवरच होत राहिला.

आज चित्र पालटलं आहे. राज्याच्या २०१५च्या जन-वन विकास योजनेतून ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावांना सवलतीत गॅस मिळाला, २०१६मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना आली. सरपणाला जंगलात गेलेली बाई वाघाच्या तोंडी सापडते, हे ज्या जिल्ह्यांत घडत आलं आहे, तिथे सिलिंडर ही जीव वाचवणारी वस्तू आहे. पण दुसरा सिलिंडर रोखीने घ्यावा लागतो, आणि जंगलाकाठच्या घरात रोकड येते ती मुख्यतः तेंदूपत्त्याच्या हंगामात. भामरागडला तर पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की रस्ताच तुटतो. तिथली बाई चूल मोडत नाही ती हौस म्हणून नव्हे. सवलत हवीच, पण भरलेला सिलिंडरही तेंदूचे पैसे हातात असताना, पावसाआधी गावात पोचला पाहिजे. नाहीतर घरात काय जळणार हे आता एजन्सीची गाडी ठरवेल.