‘डिस्क १००%’ : मंदावलेल्या लॅपटॉपचे निदान आणि उपाय



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिलो की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "अहो, तुम्ही आयटीवाले ना? आमचा लॅपटॉप फार हळू चालतो. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये नवीनच घेऊन टाकू का?" रांग पुढे सरकते आणि उत्तर अर्धवट राहते. म्हणून या वेळी सगळे एका ठिकाणी लिहून काढत आहोत. लेख विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. संगणकाचे शिक्षण नसले तरी चालेल, पण क्रम मात्र पाळावा.

आधी एक घडलेली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका काकांचा लॅपटॉप असाच रडतखडत चालत होता. कोणीतरी त्यांना टास्क मॅनेजर उघडून दाखवला. तिथे ‘डिस्क १००%’ असे दिसले. डिस्क पूर्ण भरली असे समजून काकांनी एका संध्याकाळी बसून जुने फोटो पुसायला सुरुवात केली. मुलाची मुंज, आजींची पंचाहत्तरी, सगळे. वर रिसायकल बिनही रिकामा केला. लॅपटॉप होता तसाच हळू. आम्ही पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक डिस्क मोकळी होती! मुंजीचे काही फोटो ठाण्याच्या आत्यांकडच्या पेन ड्राइव्हवर मिळाले. पंचाहत्तरीचे गेले ते गेलेच.

१. ‘१००%’ म्हणजे भरलेली नव्हे

टास्क मॅनेजरमधला डिस्कचा आकडा किती जागा भरली हे सांगत नाही. डिस्क किती वेळ कामात गुंतलेली आहे, हे तो सांगतो. बँकेत एकच खिडकी उघडी आहे आणि कारकुनाला मान वर करायला फुरसत नाही, असे समजा. कारकून १००% कामात आहे, पण याचा अर्थ तिजोरी भरली असा होत नाही. जागा किती उरली हे पाहायचे असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडा आणि सी ड्राइव्हखालची पट्टी पाहा.

२. सर्वात आधी बॅकअप

डिस्क सतत १००% असण्याचे एक कारण ती खराब होत चालली आहे, हेही असू शकते. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी फोटो, व्हिडिओ, कर आणि इमिग्रेशनची कागदपत्रे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

• वनड्राइव्हसारखी सोय म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. लॅपटॉपवरच्या वनड्राइव्ह फोल्डरमधून फाइल पुसली की ती आंतरजालावरूनही जाते. वैयक्तिक खात्यात ती तिथल्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, एवढाच दिलासा.

• जुने मराठी लेखन शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर त्या फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवा. फॉन्ट नसेल तर नव्या संगणकावर तुमची एकांकिका म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना लॅपटॉप मिनिटभर गोठत असेल, तर बॅकअप होईपर्यंत दुसरे काहीही करू नका.

३. टास्क मॅनेजर वाचायचा कसा?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. यादी छोटी दिसली तर ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारा. ‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या नावावर टिचकी मारली की सर्वात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. लॅपटॉप सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मग पाहा. सुरुवातीची धावपळ सगळ्यांचीच असते.

आता ‘परफॉर्मन्स’ हा भाग उघडा. इथे तीन प्रकारची चित्रे दिसतात.

*अ) डिस्क १००%, पण वेग सेकंदाला एक-दोन एमबीच.* डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ लिहिले असेल तर दुखणे बहुधा सापडले. जुन्या लॅपटॉपमधली तबकडीवाली डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय टोक सरकायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणजे इकडून तिकडून लहान तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभराच्या आतच कामे होतात. आजची विंडोज पडद्यामागे एकाच वेळी अनेक कामे काढते, त्यामुळे रांग लागते. तिथेच ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ दिसतो. तो सतत शेकडो मिलिसेकंदांत असेल तर रांग लांबली आहे असे समजावे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती अशी हजारो कामे सेकंदात उरकते. एसएसडी असूनही आकडा सतत १०० असेल तर मात्र मेमरी अपुरी आहे का ते पाहा आणि डिस्क तपासून घ्या.

*आ) मेमरी ८५-९०% च्या वर आणि सोबत डिस्कही वर.* इथे डिस्क निर्दोष आहे. मेमरी पुरत नाही म्हणून विंडोज सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. ओटा लहान असला की स्वयंपाक करताना डबे सारखे जमिनीवर ठेवायचे आणि उचलायचे, तसाच हा प्रकार. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसते खरी, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की धाप लागते. ८ जीबी ही व्यवहारातली किमान गरज समजा, १६ असेल तर उत्तम.

*इ) सीपीयू सतत ९०-१००%.* कोण खाते आहे ते यादीत पाहा. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट चालू आहे, त्याला पुरे होऊ द्या. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा पहारेकरी तपासणी करतो आहे. ब्राउझर असेल तर टॅब आणि एक्स्टेंशन कमी करा. अनोळखी नाव असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून ‘फुल स्कॅन’ करा. ‘डिटेल्स’मध्ये ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९५ दाखवत असेल तर घाबरू नका, तो प्रोसेसर रिकामा असल्याचा आकडा आहे.

आणखी एक खूण पाहा. सीपीयूच्या आलेखाखाली ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ दिसतात. काम जोरात चालू असताना स्पीड बेस स्पीडच्या खूप खाली अडकला असेल, तर लॅपटॉप तापून स्वतःला आवरतो आहे. पंख्याच्या जाळीत धूळ असते, किंवा लॅपटॉप रजईवर ठेवलेला असतो. काही लॅपटॉप मूळचा नसलेला किंवा कमी वॅटचा चार्जर लावला तरी असेच करतात.

४. आठवड्यातून एकदा उघडणारा लॅपटॉप

आपल्या घरांत एक लॅपटॉप असा असतो, जो फक्त रविवारी सकाळी भारतात आई-बाबांशी बोलायला उघडला जातो. आठवडाभर बंद असल्याने अपडेट, व्हायरस तपासणी, फोटोंचे सिंक, शोधाची अनुक्रमणिका ही सगळी तुंबलेली कामे नेमकी त्याच अर्ध्या तासात सुरू होतात. आवाज तुटतो, चित्र गोठते आणि आपण इंटरनेट कंपनीला नावे ठेवतो. उपाय अगदी सोपा आहे. शनिवारी रात्री चार्जर लावून लॅपटॉप दोन-तीन तास चालू ठेवा, मध्येच झोपी जाऊ नये अशी सेटिंग करा, आणि शेवटी रीस्टार्ट करा.

५. बिनखर्चाचे उपाय

• रीस्टार्ट करा, शट डाऊन नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊन करूनही विंडोजचा गाभा डिस्कवर जपला जातो आणि पुन्हा तोच उघडतो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. सीपीयूच्या आलेखाखालचा ‘अप टाइम’ कित्येक दिवस दाखवत असेल तर हेच कारण.

• टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन गरज नसलेले प्रोग्राम ‘डिसेबल’ करा. यात काहीही पुसले जात नाही. ध्वनी, टचपॅड आणि सुरक्षेच्या नोंदींना मात्र हात लावू नका.

• दोन अँटीव्हायरस ठेवू नका. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली असेल तर तो काढून टाका. विंडोजचा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे.

• सी ड्राइव्हवर १०-१५% जागा मोकळी ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, मग ‘स्टोरेज’ इथे तात्पुरत्या फाइली काढता येतात. पण ‘डाउनलोड्स’वर खूण करण्याआधी आत डोकावून पाहा!

• बॅकअप झाल्यावर सी ड्राइव्हवर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’ या मार्गाने डिस्कची तपासणी करा.

६. थोड्या खर्चाचे उपाय

चित्र ‘अ’ असेल तर एचडीडी काढून एसएसडी बसवणे हा सर्वात गुणकारी उपाय. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर करता येते, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा बसवावे लागत नाहीत. चित्र ‘आ’ असेल तर रॅम वाढवा. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती पाहा.

लॅपटॉप उघडण्याआधी एक खबरदारी घ्या. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते तपासून कागदावर उतरवा. ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला परका होतो.

वर सांगितलेल्या काकांनी शेवटी एसएसडीच बसवली. पूर्वी लॅपटॉप चालू करून ते चहा टाकायला जायचे. आता चहाला वेळच मिळत नाही, अशी त्यांची नवी तक्रार आहे.

७. हे करू नका

• ‘रजिस्ट्री क्लीनर’ किंवा ‘पीसी बूस्टर’ घेऊ नका. फायदा नाममात्र, आणि कधी कधी तेच दुखणे होऊन बसते.

• एसएसडी डीफ्रॅग करू नका. तिची निगा विंडोज स्वतःच राखते.

• ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा पडदा आला तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

शेवटचा मुद्दा भारतातल्या आई-बाबांना आवर्जून सांगा. "लॅपटॉप हळू चालतोय ना? आम्ही दुरुस्त करतो" असे म्हणत अनोळखी माणसे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतात आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतात. घरात नियमच करा, की संगणकाला फक्त मुलगा, मुलगी किंवा ठरवलेला शेजारीच हात लावेल. विंडोजमधल्या ‘क्विक असिस्ट’ने आपण इथून त्यांचा पडदा पाहू शकतो, पण वेळ आधी आपण स्वतः फोन करून ठरवावी. फसवणूक झालीच तर भारतात १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. उशीर होईल तसे पैसे परत मिळणे अवघड होत जाते.

८. मग नवा कधी घ्यावा?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. लॅपटॉप त्यात बसत असेल तर एसएसडी आणि रॅमवर खर्च करणे शहाणपणाचे. बसत नसेल तर बँकेची कामे त्यावर करू नका. त्यावर लिनक्स मिंट टाकून मुलांच्या अभ्यासाला वापरता येईल. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली आणि रॅमही वाढत नाही अशी अवस्था असेल तर नवा घ्या. फुगलेली बॅटरी मात्र घरात ठेवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा केंद्रावर द्या.

थोडक्यात क्रम असा : बॅकअप, टास्क मॅनेजर, बिनखर्चाचे उपाय, मग खर्च. आणि काहीही पुसायच्या आधी एकदा विचारा. पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन आलात तरी चालेल, जेवण झाल्यावर बसून पाहू.

कळावे, लोभ असावा.