निर्जन वाटेवरील हांक

गेल्या वर्षींच्या जुलै महिन्यांत माझा भाचा आपल्या तिघां मित्रांसह मनालीहून लेहला मोटारसायकलीनें गेला. बारालाचा खिंड ओलांडून सरचूच्या पुढें गेलें म्हणजे रस्त्याच्या दोहों बाजूंस उघडे डोंगर व वाळू यांवांचून कांहीं दिसत नाहीं, आणि खिशांतला मोबाईल मैलच्या मैल मुका होऊन बसतो. अशाच एका ठिकाणीं, वितळलेल्या बर्फाचें पाणी रस्त्यावरून वाहत होतें तेथें, त्यांच्यापैकीं एकाची गाडी घसरली व त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. सुमारें चार तासांनीं एक ट्रक आला. त्याच्या चालकानें त्या मुलाला पांग येथील लष्करी छावणींत पोंचविलें. जखम जिवावरची नव्हती. परंतु घरीं ठरल्या वेळीं फोन आला नाहीं, रात्रीं आला नाहीं, दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंतही आला नाहीं. आणि ते वीसबावीस तास माझ्या बहिणीनें कसे काढले तें मीं जवळ बसून पाहिलें आहे. सर्व सुखरूप असल्याचें कळल्यावर तिनें मला एकच प्रश्न विचारला : “दादा, आतां म्हणे आकाशांतल्या उपग्रहावरून निरोप जातो. मग या मुलांजवळ तें यंत्र कां नव्हतें?” इतिहासाच्या अध्यापकाला असा प्रश्न केला म्हणजे तो उत्तर देण्याऐवजीं शंभर वर्षें मागें जातो. मीही गेलों, आणि जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें.

संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें दूरवर हांक मारण्याची विद्या प्रथम समुद्रावर वाढली, हें साहजिकच होतें. बर्लिन येथें १९०६ सालीं भरलेल्या परिषदेनें ‘एस्. ओ. एस्.’ ही खूण ठरविली व १९०८ च्या जुलैपासून ती अंमलांत आली. पुढें १९१२ च्या एप्रिलांत ‘टायटॅनिक’ बुडालें. ती कथा वाचकांस इतकी परिचित आहे कीं पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मात्र तींतील एक बाब चित्रपटांच्या झगमगाटांत मागें पडते. ‘टायटॅनिक’वरील बिनतारी यंत्र अखेरपर्यंत चालू होतें, आणि ‘कॅलिफोर्नियन’ नांवाचें दुसरें एक जहाज त्याच्यापासून फारसें दूर नव्हतें. परंतु त्या जहाजावर बिनतारी यंत्र चालविणारा इसम एकच; तो दिवसभराचें काम आटोपून, यंत्र बंद करून निजला होता. अठ्ठावन्न सागरी मैलांवरून ‘कार्पेथिया’ धांवत आलें. जवळचें जहाज सकाळपर्यंत जागचें हललें नाहीं. जहाजावर रात्रंदिवस कोणी तरी ऐकत बसलें पाहिजे, हें कलम त्यानंतर १९१४ च्या लंडन येथील करारांत पडलें. यंत्राचें अर्धें अंग बोलणाऱ्यापाशीं असतें व अर्धें ऐकणाऱ्यापाशीं, एवढें समजण्यास दीड हजार जीव खर्ची पडले.

समुद्रावर निदान जहाजांचे ठरलेले मार्ग तरी असतात. जमिनीवरील निर्जन प्रदेशांत तेंही नसतें, आणि म्हणून मला या इतिहासाचें खरें मर्म ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत सांपडतें. तेथें १९१७ सालीं जिमी डार्सी नांवाचा एक गुराखी घोड्यावरून पडून आंतून फार दुखावला. सोबत्यांनीं त्याला हॉल्स क्रीक या लहानशा वस्तींत आणलें. डॉक्टर तेथें कोठून असणार? होता तो एक पोस्टमास्तर, टकेट नांवाचा. त्यानें तारायंत्रावरून दोन हजार मैल दूर असलेल्या पर्थ शहरांतील डॉक्टर हॉलंड यांना गांठलें. डॉक्टरांनीं तारेनें सूचना द्याव्या व पोस्टमास्तरानें खिशांतल्या चाकूनें शस्त्रक्रिया करावी, असा तो विलक्षण प्रसंग घडला, आणि शस्त्रक्रिया पार पडली! हॉलंड स्वतः गुरांच्या आगबोटीनें, मग मोटारीनें, आणि मोटार थकल्यावर मिळेल त्या साधनानें तेथें जाऊन पोंचले, तों डार्सी आदल्या दिवशींच हिवतापानें मेला होता. या हकीकतीनें सारा देश हळहळला, आणि जॉन फ्लिन या पाद्र्याच्या मनांत विमानानें डॉक्टर पाठविण्याच्या कल्पनेस बळ आलें. १९२८ च्या मे महिन्यांत क्वीन्सलंडमधील क्लोनकरी येथून त्या ‘उडत्या डॉक्टरा’चें पहिलें विमान निघालें.

परंतु विमान आलें तरी त्याला बोलवावें कोणीं? डार्सीच्या नशिबानें हॉल्स क्रीकला तार तरी होती. शेंकडों मैलांवर विखुरलेल्या गोठ्यांवर, म्हणजे तेथील गुरांच्या मोठमोठ्या वसाहतींवर, तारही नव्हती व वीजही नव्हती. ती अडचण किती प्राणघातक होती तें दुसऱ्याच वर्षीं दिसून आलें. १९२९ च्या मार्चअखेरीस किंग्सफोर्ड स्मिथ या विख्यात वैमानिकाचें ‘सदर्न क्रॉस’ विमान वायव्येकडील चिखलाच्या पट्ट्यांत उतरलें व तेथेंच अडकलें. आपण कोठें आहोंत हें कळविणारा संदेश त्यांस जमिनीवरून धाडतां येईना. त्यांच्या शोधार्थ कीथ अँडरसन व त्याचा सहकारी हिचकॉक हे ‘कूकाबरा’ नांवाच्या लहानशा विमानांतून निघाले. तें विमान १० एप्रिल रोजीं टनामीच्या वाळवंटांत इंजिन बिघडून खालीं आलें. त्यांच्याजवळ बिनतारी यंत्र नव्हतें, पाणी अगदीं थोडें होतें. झुडपें तोडून उड्डाणापुरती वाट करण्याचा त्यांनीं प्रयत्न केला, तो फसला. विमानाच्या सुकाणूच्या कापडावर अँडरसननें आपली रोजनिशी लिहून ठेवली आहे. ज्यांना शोधण्यासाठीं ते निघाले होते ते ‘सदर्न क्रॉस’मधील लोक १२ एप्रिलला, म्हणजे दोनच दिवसांनीं, जिवंत सांपडले, आणि शोध करणारे मात्र तहानेनें मेले. दैवाच्या विपरीतपणाचीं उदाहरणें आपल्या पुराणांतही पुष्कळ आहेत, पण याहून दारुण मला आठवत नाहीं.

त्याच वर्षाच्या जून महिन्यांत, ऑगस्टस डाउन्स नांवाच्या वसाहतीवर ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञानें आपलें पहिलें पायानें चालवावयाचें बिनतारी यंत्र बसविलें. बॅटऱ्या जड, महाग व बेभरंवशाच्या. म्हणून त्यानें सायकलीच्या पायट्यांना एक लहान विद्युज्जनित्र जोडलें. खुर्चींत बसावें, पाय मारावे व हातानें कळ दाबावी. शेंकडों मैलांवर क्लोनकरीला ती टिकटिक पोंचे. पण मोर्सची लिपी गुराख्याच्या बायकोला कोठून येणार! तेव्हां ट्रेगरनें टंकलेखकासारखी एक पट्टी तयार केली; अक्षराची कळ दाबली कीं त्याची मोर्स खूण आपोआप उमटे. पुढें प्रत्यक्ष आवाजानें बोलणें शक्य झालें. मला या शोधांत विशेष वाटतें तें हें कीं, ज्या वेळीं कोणी आजारी नसे त्या वेळींही बायका ठराविक तासाला यंत्रावर येऊन एकमेकींशीं बोलत, विचारपूस करीत, पाककृती सांगत. संकटाच्या यंत्राला रोजच्या वापरानें जाग राहिली. एखादी बाई दोन दिवस यंत्रावर आली नाहीं तर तिच्या मौनाचीही चौकशी होई.

याच सुमारास मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा एक तरुण निघाला होता. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन १९३२ मध्यें लंडनहून निघाला आणि तुर्कस्तान, इराक, अफगाणिस्तान, हिंदुस्थान, सयाम, चीन व जपान असा फिरून १९३३ च्या अखेरीस न्यूयॉर्कला पोंचला. एका वस्तींतून निघाल्यापासून दुसऱ्या वस्तींत पोंचेपर्यंत तो जगाच्या लेखीं नाहींसाच झालेला असे. मौज ही कीं, याच गृहस्थानें पुढें निर्जन भागांत अडकलेल्या मनुष्यास विमान न उतरवितां उचलून घेण्याची युक्ति शोधली : फुग्यानें दोर उंच चढवावयाचा, दोराचें खालचें टोंक त्या मनुष्याच्या अंगाला, आणि वरून जाणाऱ्या विमानानें तो दोर अडकवून त्याला उचलावयाचें. १९५८ मध्यें या रीतीनें पहिला मनुष्य जमिनीवरून उचलला गेला. मोटारसायकलीवरच्या त्या एकाकी रात्रींशीं या शोधाचा संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पण पुरावा नसतांना तसें करणें माझ्या धंद्यास शोभणार नाहीं.

विमानें वाढलीं तशी हरवलेल्या विमानांचीही संख्या वाढली. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १९६७ सालीं एक खासगी विमान पडलें. त्यांतील सोळा वर्षांची मुलगी पन्नासांहून अधिक दिवस जिवंत होती, हें तिच्या रोजनिशीवरून कळलें. आणि रोजनिशी सांपडली ती कित्येक महिन्यांनीं, शिकाऱ्यांना. १९७२ च्या ऑक्टोबरांत अलास्कांत हेल बॉग्ज व निक बेगिच हे अमेरिकन काँग्रेसचे दोन सभासद विमानासह नाहींसे झाले, ते आजतागायत मिळाले नाहींत. अशा घटनांनंतर लहान विमानांतही आपोआप हांक मारणारें संकटसूचक यंत्र ठेवण्याची सक्ति अमेरिकेंत झाली. यंत्रें तर बसलीं. पण त्यांची हांक ऐकण्यास जवळून दुसरें विमान जावें लागे. ‘कॅलिफोर्नियन’वरील झोपलेल्या इसमाची कथा पुन्हां आकाशांत घडूं लागली.

त्यावरील उपाय जेथून निघाला तें पाहून नवल वाटतें. शीतयुद्ध ऐन भरांत असतां सोव्हिएट रशिया, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स या चौघांनीं १९७९ मध्यें उपग्रहांनीं अशा हांका ऐकण्याचा करार केला. रशियाचा पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजीं वर गेला. स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाडीची शिटी जवळ येतांना चढी व दूर जातांना उतरती ऐकूं येते. त्याच न्यायानें, उपग्रह वरून सरकत असतां हांकेचा स्वर कसा बदलतो त्यावरून ती कोठून येते याचें गणित मांडतां येतें. १० सप्टेंबर १९८२ रोजीं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियांत पडलेल्या एका लहान विमानांतील तिघे जण या गणितानें वांचले. एकमेकांवर अण्वस्त्रें रोखून बसलेल्या राष्ट्रांपैकीं एकाच्या उपग्रहानें दुसऱ्याच्या शेजाऱ्याचे जीव वांचवावे, हें त्या दशकांतील थोड्याच सुखद बातम्यांपैकीं एक होय. भारतही पुढें या मंडळांत आला. बंगळूर व लखनौ येथें त्याचीं ऐकणारीं केंद्रें आहेत.

यानंतरची प्रगति झपाट्याची आहे आणि ती वाचकांस ठाऊकही असेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या खिशांत मावेल एवढें ४०६ मेगाहर्ट्झचें वैयक्तिक यंत्र अमेरिकेंत २००३ पासून सर्वसामान्यांस वापरतां येऊं लागलें. ‘इरिडियम’ कंपनीनें ६६ उपग्रहांचें जाळें उभारून १९९८ मध्यें सेवा सुरू केली व वर्षाच्या आंत दिवाळें काढलें. उपग्रह मात्र टिकले, कंपनी दुसऱ्यांच्या हातीं जाऊन सांवरली. २००७ मध्यें ‘स्पॉट’ नांवाचें स्वस्त यंत्र निघालें. तें निरोप धाडी, पण उलट कांहीं ऐकूं येत नसे. २०११ च्या ‘इनरीच’नें उत्तरही येऊं लागलें. दरींत पाय मोडून पडलेल्या मनुष्यास ‘तुमची हांक पोंचली, माणसें निघालीं आहेत’ या एका ओळीचें मोल काय असेल तें सांगावयास नको. २०२२ पासून कांहीं मोबाईलांतच ही सोय आली.

मग माझ्या बहिणीचा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं, कायद्यांत आहे. १८८५ चा तारांचा कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या आधारें आपल्या देशांत परवान्यावांचून उपग्रहाचा फोन बाळगणें हा गुन्हा ठरला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेंही परवान्याचें तत्त्व सोडलेलें नाहीं. २००८ मध्यें मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांजवळ उपग्रहाचा फोन होता, ही गोष्ट विसरून सरकारला दोष देणें सोपें आहे. मी तो देत नाहीं. ज्या सीमेवर आपले जवान उभे आहेत तेथें अज्ञात संदेशांची धास्ती वाटणें रास्तच आहे. परंतु २०२४ च्या डिसेंबरांत गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू स्त्रीला तिच्या सामानांत असलें छोटें संकटयंत्र सांपडल्यामुळें अडकवून ठेवण्यांत आलें, तेव्हां हेराचें साधन व वाटसरूचें साधन यांत फरक करण्याची कांहीं रीत असूं नये काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आणि ती रीत आपल्याच देशांत, आपल्याच समुद्रावर सिद्ध झालेली आहे. ‘इस्रो’नें मच्छीमारांसाठीं बनविलेलें संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरांत आहे, वीस हजारांहून अधिक यंत्रें वांटलीं गेलीं. नोंद सरकारजवळ, हांक बंगळूरच्या केंद्रांत, तेथून तटरक्षक दलाकडे. जुन्या यंत्रांत उणीव एकच होती : नावेवरच्या मनुष्याला आपली हांक पोंचली कीं नाहीं तें कळत नसे. २०२४ च्या जानेवारींत आलेल्या नव्या यंत्रानें तीही भरून काढली. आतां केंद्राकडून पोंच येते. समुद्रावरील कोळ्याला जें दिलें तें लडाखच्या वाटेवरील स्वाराला, मनालीच्या नाक्यावर नोंद करून व अनामत घेऊन, भाड्यानें देतां येणार नाहीं असें मला वाटत नाहीं. गाडीचा परवाना व चालकाचें नांव तेथें तपासलें जातेंच. त्याच वहींत आणखी एक रकाना वाढेल इतकेंच.

तें होईल तेव्हां होवो. माझा भाचा यंदा स्पितीला निघाला आहे. या वेळीं त्याच्या आईनें त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला : कोणत्या दिवशीं कोठें मुक्काम, तेथील चालकाचा अथवा घरमालकाचा फोन, चौघांचे रक्तगट, आणि शेवटीं ‘शुक्रवारीं सायंकाळीं सहापर्यंत काझाहून फोन न आल्यास’ कोणास कळवावें त्याचीं नांवें, क्रमानें. तो कागद फोनशेजारीं भिंतीला लावलेला आहे, आणि शुक्रवारीं मी तिच्याकडे जाणार आहें.